ओटीतली पपई

आयव्हीएफमध्ये पोटात गर्भ ठेवून आल्यावर चौदा दिवसांनी रक्त तपासायचं, तोवर जीव मुठीत धरून बसायचं. माझी ही तिसरी खेप. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सरळ लिहून दिलं होतं: फळं धुवून, घरीच कापून खा, हातगाडीवरची कापलेली नकोत, कच्ची पपई नको, पिकलेली थोडी चालेल. माझ्या सासूबाईंनी, शरयूताईंनी, तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि खाली स्वतःची भर घातली: पपई, अननस, द्राक्षं बंद. सासऱ्यांची, भय्यासाहेबांची, पोटासाठीची सकाळची पपईसुद्धा गेली. का, तर घरात वास नको. अमेयला, माझ्या नवऱ्याला, नेमकं तेव्हाच बँकेत जास्तीचं काम निघालं.

उपचारांचं बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, घोळ तिथेच झाला. नवव्या दिवशी सासूबाईंची मैत्रीण, अधारतालच्या बेबीताई, आल्या. निघताना म्हणाल्या, सुनेची ओटी भरते. नारळ आणायला विसरल्या होत्या, म्हणून तांदळाबरोबर त्यांनी माझ्या ओढणीत घरच्या झाडाची पिवळीधमक पपई घातली. ओटी नाकारता येत नाही, आणि ओटीतलं फळ जिची ओटी तिनंच खायचं. वर आग्रह, आत्ताच काप, नुसती साखर आहे.

सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या म्हणाल्या, क्षमाला उपास आहे. बेबीताई म्हणाल्या, मग तर फळ चालतंच. सासूबाई म्हणाल्या, निर्जळी आहे. माझा अर्धा प्यायलेला चहा समोरच होता. बेबीताईंनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

त्या गेल्यावर माझं डोकं फिरलं. डॉक्टर हो म्हणतात, मग तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या, असं बरंच काही बोलून गेले. खरी भीती शेवटी निघाली.

"आणि याही वेळी नाही झालं, तर म्हणाल, हिनं पपई खाल्ली."

सासूबाई खुर्चीत बसल्या.

"मागच्या दोन्ही वेळेस तू काहीच खाल्लं नव्हतं, तरी गेलं. मला का समजत नाही? डॉक्टर त्यांचं काम करून राहिल्या, तू सुया टोचून घेऊन राहिली. मी काय करू मग? माझ्या हाती फळंच होती."

मला रागवताच येईना. त्यांनी पपई तीन पाण्यांनी धुतली, सोलली, बी न् बी काढली. पहिली फोड स्वतः खाल्ली, जरा वेळ थांबल्या, मग मला दिली. खरंच साखर होती.

चौदाव्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. सासूबाई आधी मनसोक्त रडल्या, मग त्यांनी फ्रिजवरच्या यादीत पपईवर काट मारून शेजारी लिहिलं: रोज एक फोड. बेबीताईंना खरं काय ते सांगून टाकलं, तेव्हापासून त्यांच्याकडून दर आठवड्याला एक पपई येऊ लागली. आपलीही सुरू होईल का, असं भय्यासाहेबांनी हळूच विचारलं.

"ओटीची आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिची तिनंच खायची."

मला आता पपई नजरेसमोर नकोशी होते. पण रोज सकाळी त्या बशी घेऊन समोर उभ्या राहतात, आणि मी मुकाट्यानं खाते. त्यांच्या हाती तेवढंच आहे.