अस्वलाची कबड्डी

तेंदूपत्ता तोडताना अस्वलाने मुखरूभाऊंचा खांदा फाडला. जखमेच्या कारणाचा कोड कॉम्प्युटरमध्ये टाकल्याशिवाय विम्याची मंजुरी नाही, आणि मंजुरीशिवाय ऑपरेशन नाही. गडचिरोलीतल्या दवाखान्याच्या इमर्जन्सी काउंटरवर बसलेल्या दिव्यानीला अस्वलाचा कोड सापडला. मग कॉम्प्युटरने जागा विचारली: घर, रस्ता, शाळा, मैदान. जंगल नव्हतंच. वैतागून तिने मैदान निवडलं. लगेच प्रश्न आला, खेळ कोणता?

“भाऊ, कबड्डी टाकू काय?”

“टाक न माय,” मुखरूभाऊ कण्हले. “धरलं तं त्यानं तसंच होतं मले.”

मंजुरीआधी एकच अट उरली: विरोधी खेळाडूची सही किंवा अंगठा.

दिव्यानीने इकडेतिकडे पाहिलं, स्टॅम्पपॅडवर स्वतःचाच अख्खा पंजा दाबला आणि कागदावर उमटवला. स्ट्रेचर आत गेलं.