पाणथरी

काचेच्या पट्टीवर पडलेला थेंब चंद्राला आपला वाटेना... इतका फिका, पाणी मिसळल्यासारखा. प्रयोगशाळेतल्या माणसानं दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पसरवला, हवेत हलवून वाळवला आणि वहीत लिहायला नाव-वय विचारलं. चंद्रा सयाजी, एकोणतीस. तो आणखीही काही विचारेल, कितवा महिना म्हणून विचारेल, असं वाटून ती थांबून राहिली. पण त्यानं बोटावर कापूस ठेवला आणि पुढच्याला हाक मारली.

सकाळी सांगलीच्या या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डाव्या बरगडीखालून बोटं दाबत दाबत पार बेंबीपलीकडं नेली होती, जिथं ती थांबली तिथं पेननं पोटावर रेघ ओढली होती, बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून त्यांच्याकडूनही तपासून घेतलं होतं, आणि मग सावकाश म्हणाले होते, "बाई, तुम्हाला दिवस गेलेले नाहीत. ही पाणथरी आहे, म्हणजे प्लीहा, फार वाढलीय. अंगात रक्त नाही, म्हणून पाळी थांबली असेल. कशानं वाढली ते शोधायला पाहिजे."

दिवस गेलेले नाहीत. मग पाच महिने कुठं गेले? सासूनं, राहीबाईनं, घागर उचलू दिली नव्हती, आपल्या ताटातलं दूध तिच्या वाटीत ओतलं होतं. बारा वर्षांत जी कधी पोरी म्हणाली नव्हती ती पोरी म्हणायला लागली होती. आणि जालंधरला नवऱ्याच्या पलटणीत पत्र गेलं होतं — सयाजीचं उत्तरही आलं होतं, मुलगा झाला तर नाव मी ठेवणार...

बाकावर राहीबाई शेजारीच बसली होती. पळूसहून येताना एसटीत तिनं चंद्राच्या पाठीमागं हात धरला होता, धक्का बसू नये म्हणून. आता दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते.

"हिवतापानं बी वाढती म्हनं," राहीबाई समोर बघत म्हणाली. "गोळ्यांनी जाती."

"व्हय," चंद्रा म्हणाली.

पण दुपारी डॉक्टर म्हणाले की हिवतापाचे जंतू दिसत नाहीत, पांढऱ्या पेशी मात्र फार आहेत. छातीच्या हाडात सुई घालून आतलं रक्त बघावं लागेल. तिला उताणं निजवलं. आधी बधिर करायचं इंजेक्शन, मग नुसता दाब, कुणी गुडघा रोवावा तसा, आणि मग एका क्षणी सगळं आतून ओढून घेतल्यासारखी कळ... ती ओरडली नाही. छताकडं बघताना तिला संध्याकाळी पडवीत बसलेली राहीबाई आठवली. रोज विचारायची, हलतंय का गं? आणि ती रोज सांगायची, हलतंय की. कधीच हललं नव्हतं. एकदाही नाही. लाजून सांगितलं असेल, सवयीनं सांगितलं असेल, दूध आवडलं म्हणून सांगितलं असेल... नाही. मला ठाऊक होतं. हात लावला की थंड, घट्ट, जिथल्या तिथं... मला ठाऊक होतं आणि मी विचारलं नाही.

छातीवर चिकटपट्टी लावून डॉक्टर खाटेशी बसले. राहीबाईला आत बोलावलं.

"उत्तर चार दिवसांनी कळेल. साधं असेल, नसेलही. आता नीट आठवून सांगा, हे पहिल्यांदा हाताला कधी लागलं?"

"पाच म्हैनं झालं," राहीबाईनंच सांगितलं. "पोरगा रजंवरनं गेला, तवापासनं."

चंद्रानं उठायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून निजवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "त्येंच्या रजंआधी. गेल्या साली शाळू काढत हुतो तवाच हाताला लागलं. ल्हान हुतं. सांजचा तापबी यायचा."

"आन् बोलली न्हाईस?" राहीबाईचा आवाज चढला नाही.

"न्हाई."

डॉक्टर लिहीत राहिले. राहीबाई बघत होती — रागानं की कशानं, ते चंद्राला कळेना, आणि पहिल्यांदाच तिला ते कळून घ्यावंसं वाटेना. हे बोललो की आपण संपलो, असं तिनं आजवर धरलं होतं. तसं काही झालं नाही. भीती तेवढी वाटत होती, मूल गेल्याची नव्हे, पत्राची नव्हे. तिच्या स्वतःच्या जिवाची. इतकी साधी भीती, आणि वर्षभरात ती एकदाही आली नव्हती, याचंच नवल करत ती श्वास जपून घेत पडून राहिली.