अकरा दिवसांत एकही खोट नाही

माझ्या धाकट्या बहिणीने केलेला पास्ता मला पहिल्या घासालाच आवडला आणि तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. वाईट झाला असता तर मी तिच्यावर किती माया केली असती!

ती आली होती माझ्यासाठीच, हे आधी सांगून टाकते. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे स्क्रू गेली अठरा वर्षं चिमट्याने फिरवतेय, एक कधी खाली पडला नाही. पण घरी माळ्यावरची पिशवी काढताना स्टुलावरून मीच पडले. उजवं मनगट मोडलं. कोपरापासून तळव्यापर्यंत प्लास्टर, बाहेर फक्त बोटांची सुजलेली टोकं. धाकटीला फोन केला, तर दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पातेलं.

हो, पातेलं. जाड बुडाचं, उंच, दोन कानांचं.

"माझ्याकडे काय पातेल्यांचा दुष्काळ आहे?" मी विचारलं.

"मला यातच जमतं गं, ताई."

ती दवाखान्यांमध्ये एक्स-रेची यंत्रं बसवते. चार महिने या गावाला, सहा महिने त्या गावाला. लग्न केलं नाही, करायचं राहून गेलं म्हणते. भाड्याची खोली, एक शेगडी आणि हे पातेलं, एवढा तिचा संसार. मला आधी तिची कीव यायची. ती माझ्या स्वयंपाकघरात शिरेपर्यंत.

पहिल्या संध्याकाळी मी त्याच नतद्रष्ट स्टुलावर बसून तिचं काम बघत होते. माझ्या स्वयंपाकात ज्याला त्याला आपापलं भांडं असतं. भाज्या वेगळ्या, चिकन वेगळं, पास्ता वेगळा उकडायचा, निथळायचा, सॉस चौथ्या भांड्यात. हिने पातेल्यात तेल तापवलं, चिकनचे तुकडे टाकले आणि हलवलेच नाहीत. बुडाला लागून तांबूस झाल्यावरच परतले. मग कांदा, लसूण, गाजर, ढोबळी मिरची, मशरूम. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, तिने कोरडा पास्ता तसाच आत ओतला. वरून पाणी आणि दूध.

"अगं, अगं! उकडायचा असतो तो आधी."

"इथेच उकडेल."

"आणि पाणी कुठे निथळणार?"

"निथळलं की सगळा चिकटपणा सिंकमध्ये जातो, ताई. घट्टपणा त्यानेच तर येतो." तिने झाकण ठेवलं. बारा मिनिटांनी उघडलं, मूठभर मटार, क्रीम, किसलेलं चीज, मिरपूड. पाणी कुठे गेलं ते मला दिसलंच नाही. चमच्याला लपेटून बसेल असा दाट सॉस झाला होता. मी मान हलवली आणि मनातल्या मनात दात खाल्ले.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. माझा नवरा कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा आणि जिथे टाका सुटला असेल तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचं, हे त्याचं दिवसभराचं काम. हे बाण खिशातून घरी येतात. कधी साबणाला चिकटलेले सापडतात, कधी उशीला. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला तो म्हणाला होता, "एक खोट सांगू? रागावू नकोस." तेव्हापासून आमच्याकडे जेवताना प्रत्येकाने एक खोट काढायची. एकच. त्यावर पुन्हा कुरकुर करायची नाही. आणि स्वयंपाक करणाऱ्याने एकच उत्तर द्यायचं: "मग उद्या तुम्ही करा!" पंधरा वर्षांची लेक बोलायला लागल्यापासून यात तरबेज आहे. करपलेल्या कांद्याचा एक तुकडा तिला अख्ख्या ताटात बरोबर सापडतो. सतरा वर्षं मी हे ऐकत आलेय. मीठ कणभर कमी, रस्सा चमचाभर पातळ. कधी कधी वाटतं, एक बाण माझ्या कपाळाला लावा आणि मोकळे व्हा.

तर त्या पहिल्या दिवशी लेकीने घास गिळला आणि सवयीने तोंड उघडलं, "खोट म्हणजे..." नवऱ्याने तिला डोळ्यांनी दटावलं. दटावलं! मग म्हणाला, "वा, मेहुणीबाई. उत्तम."

उत्तम हा शब्द त्या माणसाला येतो, हे मला लग्नाच्या सतराव्या वर्षी कळलं.

पुढचे दहा दिवस तेच. सूप केलं, उत्तम. भात केला, छान. लेक मावशीच्या मागेपुढे. अभ्यास स्वयंपाकघरात, गप्पा स्वयंपाकघरात, हसणं स्वयंपाकघरात. मी आत गेले की दोघी म्हणायच्या, "तू बस ना, आराम कर." आराम करून करून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मंगळवारी पुन्हा पास्ता केला, त्यात तर धाकटी चक्क मीठच विसरली. पहिला घास घेतला आणि मी आनंदाने सरसावून बसले. आता बोला म्हटलं. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. नवऱ्याने गुपचूप मिरपूड ओढून घेतली, लेकीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी रात्रभर कूस बदलत राहिले. माझ्या सतरा वर्षांच्या मिठाला चव नव्हती आणि हिच्या नसलेल्या मिठाला होती!

त्यात नोकरीचं निघालं. धाकटीच्या कंपनीचं ऑफिस आमच्या गावात उघडत होतं. कायमचं इथे राहणार का, असं तिला विचारलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"मागची खोली आहे की," नवरा म्हणाला. "जुन्या बॅगाच तर आहेत तिथे."

"मावशी, प्लीज, प्लीज!" लेक म्हणाली.

धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई म्हणेल तसं."

म्हणजे वाईटपणा माझ्याच वाट्याला. मी म्हटलं, "बघू." मला ती जायला हवी होती. सख्खी बहीण, लहानपणी जिची वेणी मी घातली ती. पण माझ्या घरात माझी जागा स्टुलाएवढी उरली होती आणि तीही मला टिकवायची होती. ती मागच्या खोलीत आली की माझा हात बरा होऊन तरी काय उपयोग? कोण मागणार होतं माझ्या हातचं?

शनिवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा पास्ता होता. लेकीचीच फर्माईश. क्रीम घालून झालं, आणि धाकटीला तिच्या साहेबांचा फोन आला. "ताई, जरा लक्ष ठेव," म्हणून ती गॅलरीत गेली.

मी लक्ष ठेवलं. आधी गॅस मोठा केला. मग ओट्यावरचं अर्धं लिंबू डाव्या हातात घेतलं आणि पातेल्यात पिळलं. दुसरं अर्धंही पिळलं. दूध आणि क्रीम, वर लिंबू, खाली मोठी आच. व्हायचं तेच झालं. सॉस आधी थरथरला आणि मग फाटला. पिवळट पाणी एकीकडे, पांढऱ्या गुठळ्या दुसरीकडे. मी गॅस बारीक केला, सालं डब्यात खाली दडपली आणि स्टुलावर जाऊन बसले. लाज वाटली का? वाटली. पण आधी बरं वाटलं.

धाकटी आली, पातेल्यात बघितलं, क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. चमच्याने ढवळलं, ताटं भरली.

मी नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसले. शिवणीतला अर्धा टाका दिसणारा माणूस. त्याने घास घेतला. डोळे बारीक झाले, आंबट लागलं की होतात तसे. गिळला. माझ्या सुजलेल्या बोटांना मुंग्या आल्या.

"वेगळी चव आहे," तो म्हणाला. "छान आहे."

लेकीने ताटातून मान वर न करता म्हटलं, "मस्त."

मला टेबल उलथून टाकावंसं वाटलं. अरे, फाटलंय ते! आंबट ढाण झालंय! पण बोलणार कुठल्या तोंडाने? मी माझ्याच पापाचे घास डाव्या हाताने खात राहिले. धाकटीने सगळ्यांत आधी ताट संपवलं. मुकाट्याने उठली, पातेलं उचललं आणि आत गेली.

मी मागोमाग गेले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिचं पडलेलं तोंड तरी बघायला मिळावं, एवढीच नीच इच्छा असावी.

ती सिंकपाशी उभी होती. नळ सोडला नव्हता. तिच्या तळहातावर लिंबाच्या दोन बिया होत्या.

"एक माझ्या ताटात होती," ती म्हणाली. "एक पातेल्यात."

लिंबू पिळताना बिया दुसऱ्या हाताच्या बोटांत अडवायच्या असतात, हे मी जन्मभर न विसरता करत आलेय. पण दुसरा हात होता कुठे?

"ताई, मंगळवारी मीठ मी विसरले नव्हते."

"म्हणजे?"

"मुद्दाम घातलं नव्हतं." तिने बिया ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. "मला बघायचं होतं, कुणी काही म्हणतंय का. तू फोनवर सांगायचीस ना गं, आज याने ही खोट काढली, लेकीने ती काढली, मी अशी झापली. मी खोलीवर एकटी जेवत असायचे तेव्हा. तुझ्यावर इतकी जळायचे मी. मला वाटायचं, आपलं जेवण कसं झालंय ते आपल्यालाही कुणीतरी तोंडावर सांगावं."

"अगं, तुला डोक्यावर घेऊन नाचतायत सगळे!"

"पाहुणीला नाचवतातच. अकरा दिवस झाले, ताई. पहिल्या दिवशी भावोजींनी तुझ्या लेकीला दटावलं तेव्हाच कळलं मला. आज हे असलं फाटकं खाऊनही छान म्हणाले." ती हसली, पण ते काही खरं नव्हतं. "माझ्याकडे एकच पातेलं का, माहितेय? खाणारी एक, धुणारी एक. तेवढं बरं आहे. आत्ताच साहेबांना सांगून टाकलं, इथे नाही जमणार म्हणून."

एवढं बोलून तिने हात धुवायला नळ सोडला.

मला खाली बसावंसं वाटलं, आणि स्टूल बाहेर जेवणाच्या टेबलाशी. माझा जीव जिच्यावर जळत होता, तिचा माझ्यावर जळत होता, तोही माझ्या आधीपासून. आणि जी कुरकुर मी सतरा वर्षं काट्यासारखी सोसली, ती हिला मिळावी म्हणून हिने मीठ वगळलं. मला स्वतःचा संताप आला. मला संताप आला की मी काहीतरी करते, तो माझा स्वभावच आहे.

मी नळ बंद केला. पातेलं डाव्या हाताने काखेत मारलं. सॉसचे ओघळ गाऊनवर आले. "ताई, सांडेल!" म्हणत ती मागे धावली.

बाहेर बापलेक अजून टेबलाशीच होते. मी पातेलं त्यांच्यामध्ये आदळलं.

"खोट राहिलीय," मी म्हटलं. "काढा."

नवरा धाकटीकडे बघत चाचरला. "अगं, पाहुण्यांच्या..."

"पाहुणी कोण आहे इथे? मी सुरू करते. सॉस फाटलाय. त्यात लिंबू पडलंय आणि ते मी पिळलंय. मला सहन होत नव्हतं म्हणून पिळलंय. झाली माझी खोट. आता तू."

लेक माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला पहिल्यांदाच बघतेय. मग नवऱ्याने शर्टाच्या खिशात हात घातला. एक लाल बाण सोडवला आणि पातेल्याच्या कानावर नीट, अंगठ्याने दाबून चिकटवला.

"पास्ता दोन मिनिटं जास्त शिजलाय," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मशरूम मला आवडत नाहीत," लेक म्हणाली. आता तिला धीर आला होता. "आणि गाजरं केवढी जाड चिरतेस गं, मावशी! चावता चावता जबडा दुखतो."

धाकटीने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली होती. तिचं नाक लाल झालं. उत्तर काय द्यायचं ते तिला पाठ होतं, फोनवर माझ्याकडून शंभरदा ऐकलेलं.

"मग उद्या तुम्ही करा!"

"उद्या कोण करणार? माझा हात हा असा," मी म्हटलं. "तूच कर. परवाही तूच. आणि साहेबांना आत्ता फोन लाव, म्हणावं ताईने नाही म्हणायला बंदी केलीय."

ती फोन लावायला गॅलरीत गेली. लेक मागच्या खोलीतल्या बॅगा हलवायला पळाली. नवऱ्याने उरलेला फाटका पास्ता स्वतःच्या ताटात ओढला. मी स्टुलावर बसले आणि एकदम लक्षात आलं. आमच्याकडे खोट एकच काढायची असते. लेकीने मावशीच्या दोन काढल्या होत्या. सतरा वर्षांत माझ्या जेवणात कुणी एका वेळी दोन काढल्या नव्हत्या.

माझा जीव पुन्हा जळायला लागला.