गोरक्षकडे बघताना

१९७३च्या उन्हाळ्यात सोनईचा रंगनाथ पुण्याहून भाड्याचा कॅमेरा घेऊन भिंगारला आला. त्याला पदरमोड करून एक छोटा सिनेमा काढायचा होता. त्यातल्या पोराच्या कामासाठी त्याने थॉमस मास्तरांच्या फिलिपला निवडलं. फिलिप अठरा वर्षांचा, नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला.

"या पोराची एका सायकलवाल्याशी दोस्ती आहे," रंगनाथ म्हणाला. "हा नुसता दोस्त, की मनात आणखी काही आहे, हे त्याला कळत नाही. एवढीच गोष्ट."

"असं असतं?" फिलिपने विचारलं.

"तुला काय वाटतं?"



सायकलवाल्याच्या कामाला खराच सायकलवाला घेतला होता, बाजारातला गोरक्ष. तो पंक्चर काढणार आणि फिलिप बघणार, असा प्रसंग होता. दोनदा रंगनाथने कॅमेरा थांबवला.

"तू बघायचं नाटक करतोयस. नुसता बघ."

गोरक्षने फुगवलेली ट्यूब पाण्यात दाबली आणि बुडबुडे शोधू लागला. त्याची ओली बोटं, कपाळावर आलेले केस, दातात धरलेली जिभेची कड फिलिप बघत राहिला. तो रोज याच दुकानावरून जायचा, पण आपण चालता चालता सावकाश का होतो, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कॅमेरा बंद झालेलाही त्याला कळला नाही.

परतताना त्याने रंगनाथला विचारलं, "तुम्हाला हे कुठून सुचलं?"

"सोनईत मीही एकाकडे असाच बघायचो."

"त्याला सांगितलं?"

"नाही. त्याचंच वाईट वाटतं."

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवला. यात काहीच घडत नाही म्हणत निम्मे लोक उठून गेले. थॉमस मास्तर शेवटपर्यंत बसले. घरी जाताना त्यांनी विचारलं, "ते बघणं नाटकातलं होतं का?"

"नाही, पप्पा."

घराच्या दाराशी आल्यावर मास्तर म्हणाले, "मला यातलं समजत नाही. पण विचारल्यावर तू खरं सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी फिलिप दुकानात गेला.

"पंचर हाय का?" गोरक्षने विचारलं.

"नाही. शूटिंगच्या दिवशी मी खरंच तुझ्याकडे बघत होतो. मला तू आवडतोस."

गोरक्षने हातातला पाना खाली ठेवला. "माझं तसं न्हाई रं," तो हळूच म्हणाला. "पन तू सांगितलंस ते बरं केलंस."

फिलिपला वाईट वाटलं, आणि मोकळंही. गोरक्षने चहा मागवला. दोघांनी तो बाकावर बसून घेतला.