भिमाजीअण्णांची कात्री

ऑक्टोबरची छाटणी आमच्या वस्तीवर भिमाजीअण्णांनी पहिली काडी कापल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे मानतात. मीसुद्धा मानते, आणि मी सहसा काही मानत नाही, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. त्या दिवशी अण्णा आपली जुनी कात्री घेऊन नऊ द्राक्षबागा फिरायचे. प्रत्येक बागेत नारळ, चहा, गप्पा. बायको गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या त्या माणसाला वर्षाचा सण तेवढाच.

गेल्या जानेवारीत त्यांच्याच बागेत वेलांच्या सालीखाली पिठासारखी पांढरी कीड निघाली. मिलीबग आम्हाला नवा नाही. पण हा परदेशातून आलेला, औषधाला दाद न देणारा. कृषी खात्याकडून तपासणीला आलेल्या आभा मॅडमनी बागेभोवती चुन्याची रेघ मारली. आतली काडी, क्रेट, कात्री बाहेर आणायची नाही. छाटलेलं आतच जाळायचं.

शाळेत बैठक झाली. प्रत्येकाला आपला माल परदेशी पाठवायचा होता, म्हणून कीड फक्त अण्णांकडेच आहे, असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. मी तर त्याही पुढे गेले. त्या घरातल्या माणसानं आमच्या बागेत पाऊल टाकायचं नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. माझी जीभ आधी पळते, डोकं मागून येतं.

अण्णा सावकाश उठले.

"मॅडम, माझी कात्री नऊ बागांत फिरलीय. मी ती मधी एकदाबी धुतली नाय. ज्या वेलाची पहिली काडी कापली, तिथून बघा."

चार बागांत कीड सापडली, बरोबर त्या पहिल्याच वेलांवर. एक बाग माझी होती. वेळेवर कळलं म्हणून एकेक वेल उपटून जाळण्यावर भागलं. अण्णांना कुणी बोल लावला नाही, पण कुणी आभारही मानले नाहीत. मीही नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

यंदा तपासणी होऊन सप्टेंबरात बंदी उठली. छाटणीचा दिवस उजाडला, पण अण्णा आले नाहीत. मजूर बांधावर बसून राहिले. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. कात्री त्यांनी केव्हाच पुरून टाकली होती.

"सुवर्णा, कीड मीच वाटली सगळ्यांना. कोणत्या तोंडानं येऊ?"

"वाटली तुम्ही, पण सांगितली पण तुम्हीच. आणि त्या दिवशी मी बोलले ते चुकलंच माझं. चला अण्णा."

त्यांनी अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले. माझ्या बागेच्या फाटकाशी चपला धुतल्या आणि जेवायला बसण्याआधी लेकरू दाखवतं तसे दोन्ही स्वच्छ हात मला दाखवले. मी नवी कात्री पुढे केली. ती कोरी करकरीत होती, तरी त्यांनी स्पिरिटनं दोनदा पुसली. पहिल्या वेलाची जागा मोकळीच होती, म्हणून दुसऱ्याची काडी कापली.

मग कात्री माझ्या हातात परत दिली.

"ही इथंच ऱ्हाऊ दे. पुढच्या बागंत मी हात तेवढा नेतो."