डोंगराने दिलेली पोच

काम व्हायच्या आधीच 'झालं' म्हणून मोकळं व्हायची सिदातीची खोड लहानपणापासूनची. आई तेकबेरनं विचारावं, "शेळ्यांना पाणी पाजलंस?" यानं "पाजलं" म्हणावं आणि मग बादली शोधायला उठावं. "याची जीभ पुढे धावते, पाय मागून येतात," असं ती चारचौघांत सांगायची. लेक राजधानीहून, नुआकशॉटहून, रेडिओची विद्या शिकून आल्यापासून मात्र त्या टोमण्यात थोडा तोराही असायचा.

इथल्या वाळूत मोबाईल चालत नाही. सिदातीनं रेडिओवरून लेखी निरोप धाडणारी एक पेटी आपल्या तळावर बसवली, एक दूर मैदानात मनीना मावशीच्या तळावर, आणि तिसरी मधल्या डोंगरावर. आधी सगळा घोळच झाला. निरोप धाडणारी पेटी पोच मागायची. पोच यायला उशीर झाला की निरोप हरवला असं समजून तोच पुन्हा धाडायची, पुन्हा धाडायची, आणि वाट तुंबून जायची. शहरातल्या तारांची ती रीत. तिथं उशीर म्हणजे काहीतरी बिघडलं, इथं उशीर रोजचाच. मग सिदातीनं डोंगरावरच्या पेटीला शिकवलं: आलेला निरोप ठेवून घे, पोच तूच देऊन टाक, पुढे सवडीनं पाठव. वाट मोकळी झाली. तेकबेरनं त्या दिवशी बोकड कापला होता.

मनीना ही तेकबेरची धाकटी बहीण. बापाच्या उंटिणीवरून दोघींचं बोलणं बंद पडलं, त्याला वर्षं लोटली. तिच्याकडे पेटी बसवायला लेकाला तेकबेरनंच पाठवलं, पण पेटीवरून स्वतः एक शब्द धाडला नाही. आधी वाकायचं कुणी, थोरलीनं?

मागच्या वादळात डोंगरावरची, या तळाकडे तोंड केलेली अँटेना वाकली. वारा कितीतरी दिवस पडेना, वर चढता येईना. आज सिदाती वर चढून ती सरळ करून आला आणि दुसरा चहा ओतत होता, तेवढ्यात पेटी एकापाठोपाठ तीनदा वाजली. तेकबेरला अक्षर लागत नाही. त्यानं वाचून दाखवलं.

"मावशीचं आहे. 'ताई, माझ्या थोरल्या लेकीला मुलगी झाली. सातव्या दिवशी नाव ठेवायचंय. बाळंतीण ज्या नावाची काडी उचलेल ते नाव. एक काडी तुझ्या नावाची आहे, ती तुझ्याच हातानं ठेव.'"

तेकबेरनं पेला खाली ठेवला. "ऊठ. गाडी काढ."

"थांब आई, अजून दोन आहेत. 'पोचलं असं पेटी सांगते. काड्या उद्या. वाट बघते.'"

तिसरा निरोप त्यानं मनातच वाचला.

"मोठ्यानं वाच. मी काय बहिरी झाले?"

"'गप्प राहिलीस. कळलं मला. तुझी काडी मी काढून घेतली. पोरीचं नाव अझ्झा ठेवलं.'"

निखाऱ्यावरची किटली उतू गेली. कुणी हलवली नाही.

"माझ्याकडे पोचलं असं तिला कुणी सांगितलं?"

"डोंगरावरच्या पेटीनं. तिथवर पोचलं होतं, आई. तशी पोच दिली नाही तर वाट तुंबते." मग मान खाली घालून तो पुटपुटला, "तुंबली असती तर निदान मावशीला कळलं असतं, की इकडे काही बिघडलंय."

तेकबेर अंगभर गुंडाळलेल्या मलहफाचा पदर बोटाला गुंडाळत बसली. मनीनानं ती काडी कशी काढून घेतली असेल, कुणाच्या देखत, हे तिला दिसत होतं. पोच डोंगरानं दिली खरी. पण बहिणीचं गप्प राहणं हेच उत्तर असतं, हे मनीनाला डोंगरानं शिकवलं नव्हतं. ते इतकी वर्षं तेकबेरनंच शिकवलं होतं.

"आई, काहीतरी बोल."

"बोलते. आधी डोंगराची जीभ आवर. त्यानं 'माझ्यापाशी आहे' एवढंच म्हणायचं. 'पोचलं' हे ज्याच्या हाती पडलं तोच म्हणेल. मग गाडी काढ. मनीनापुढे पेटीचं तू सांग, माझ्या गप्प बसण्याचं मी सांगते. अझ्झाची काही आता तेकबेर होत नाही. तुझी खोड मला ठाऊक होती, सिदाती, आणि मी हसत राहिले. पण डोंगराला तरी ती लावायची नव्हतीस."