भाऊंच्या नोंदी

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, तशी हेमाने पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी पानं उलटली. पाच तारखेपर्यंत नोंदी होत्या; चक्कर किती वाजता आली, अंथरूण कधी ओलं झालं. त्यापुढची पानं कोरी.

"दोन आठवड्यांत काहीच नाही?"

"काही नाही," हेमाचे सासरे, भाऊ, म्हणाले.

नोंदी ठेवायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना एकदाच कळावं, रोज फोनवर तेच ते सांगायला नको, एवढाच हेमाचा विचार. भाऊंना तिने विचारलं नाही. पुढच्याच रविवारी टिटवाळ्याला बारसं होतं. पाळण्यातलं मेणकापड सारखं करता करता पुतण्या नयन म्हणाला,

"भाऊकाका, एक तुमच्यासाठी पण घेऊ का?"

चारजण हसले. भाऊंनी ठाण्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी केली होती आणि कुणाच्या खटल्यातलं अवाक्षर घरी आणलं नव्हतं. कोपरच्या घरी परतल्यावर ते दारात चपला काढताना एवढंच म्हणाले,

"वही डॉक्टरांसाठी होती ना गं?"

तेव्हापासून ते आपली चादर स्वतः धूत. गेल्या गुरुवारी बाथरूममधून धप्प आवाज आला, तर "बादली पडली" म्हणाले. संध्याकाळी एवढ्या उकाड्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. आजही तसाच घातला होता.

"पडलाबिडला नाहीत ना?" वही परत देत डॉक्टरांनी विचारलं. "तसं असेल तर औषध बदलावं लागेल."

भाऊ टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. डॉक्टरांची नजर हेमाकडे वळली. गुरुवारचं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं.

"भाऊ, मी सांगू का?"

त्यांनी मान वर केली. डाव्या बाहीचं बटण चाचपलं.

"मी सांगतो. तू जरा बाहेर बस."

ती उठली. बाहेरच्या बाकावर बसली. बंद दारातून भाऊंचा आवाज येत होता, बराच वेळ. शब्द कळत नव्हते.

"आत कोण आहे तुमचं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"सासरे."

"एकटेच? अहो, जा ना आत. म्हातारी माणसं सगळं सांगत नाहीत."

"सांगतायत," हेमा म्हणाली.